हेलिकॉप्टरचा जायरो दोन पायांच्या रोबोला कसा जोडावा

दोन पायांवर चालणारा छोटा रोबो बनवणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. गुळगुळीत टेबलावर चाल छान बसते, पावलं एकामागोमाग पडतात. तोच रोबो गालिच्याच्या कडेवर पाय ठेवतो आणि तोंडावर आपटतो. चाल चुकलेली नसते. कंट्रोलरमध्ये आपण सांध्यांच्या ठराविक स्थिती साठवलेल्या असतात आणि तो त्या ठरल्या वेळी सर्वोंना, म्हणजे सांधे फिरवणाऱ्या छोट्या मोटरींना, पाठवत राहतो. शरीर झुकतंय हे त्याला कळायला काही मार्गच नसतो.

रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरच्या शेपटीत बसणारा जायरो, म्हणजे वळण मोजणारा सेन्सर, ही उणीव काही प्रमाणात भरून काढतो, तेही एक ओळ कोड न लिहिता. ही युक्ती जुनी आणि पारखलेली आहे. 2004 मध्ये कोंडो कंपनीचा 17 सर्वोंचा केएचआर-1 रोबो आला, त्या काळात छंद म्हणून ह्यूमनॉइड (माणसासारखे रोबो) बनवणाऱ्यांमध्ये ती चांगली रुळली होती. हायटेक कंपनीच्या रोबोनोव्हा-1 या रोबोसाठीच्या रोबोबेसिक भाषेत तर जायरोची दिशा आणि संवेदनशीलता ठरवणाऱ्या स्वतंत्र आज्ञाच होत्या.

हा लेख पहिल्यांदाच जायरो हातात घेणाऱ्यांसाठी आहे. तुमचा रोबो उभा राहतो, सपाट जमिनीवर थोडंफार चालतो आणि त्याचे सर्वो नेहमीच्या तीन तारांचे, पल्सवर (ठराविक लांबीच्या विजेच्या ठोक्यांवर) चालणारे आहेत, एवढं गृहीत धरलं आहे.

जायरो काय मोजतो आणि काय मोजत नाही

हेलिकॉप्टरमध्ये हा डबा रिसीव्हर आणि शेपटीचा सर्वो यांच्या मधे बसतो. रिसीव्हरकडून दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स येते. 1500 मायक्रोसेकंदांच्या आसपासची पल्स म्हणजे सर्वो मध्यावर, 1000 आणि 2000 च्या बाजूला दोन टोकं. जायरो ही पल्स वाचतो, यंत्र किती वेगाने वळतंय ते मोजतो, त्या वेगाच्या प्रमाणात पल्समध्ये थोडी वाढ किंवा घट करतो आणि बदललेली पल्स सर्वोकडे पाठवतो. वाऱ्याच्या झोताने शेपूट फिरू लागली की वैमानिकाचा हात हलायच्या आत सर्वो विरोधात गेलेला असतो.

इथे मोजला जातो तो वेग. कोन नव्हे. नवख्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते, म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्या. जायरोच्या आत सतत कंप पावणारा एक सूक्ष्म भाग असतो. यंत्र वळलं की कोरिओलिस परिणामामुळे तो किंचित आडवा ढळतो, आणि त्या ढळण्यावरून दर सेकंदाला किती अंश वळणं चालू आहे ते कळतं. खाली कुठे आणि वर कुठे याची त्याला काहीच जाणीव नसते. तुमचा रोबो दहा अंश पुढे झुकून स्थिर उभा असेल, तर जायरोच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. तो रोबोला सरळ करणार नाही. तो फक्त पडण्याचा वेग कमी करेल.

मग उपयोग काय? खूप आहे, आणि त्याचं कारण वेळेच्या हिशेबात आहे. उभा रोबो म्हणजे उलटा लंबक. तोल जाऊ लागला की झुकाव एकसारखा वाढत नाही, तो दर ठराविक काळाने 2.7 पट होतो. हा काळ म्हणजे गुरुत्वमध्याच्या उंचीला गुरुत्वत्वरणाने भागून आलेल्या संख्येचं वर्गमूळ. गुरुत्वमध्य 20 सेंटीमीटरवर असेल तर हा काळ साधारण 0.14 सेकंद येतो. गुरुत्वमध्य 1 मीटरवर असलेल्या माणसासाठी तो 0.32 सेकंद आहे. तळहातावर लांब काठी उभी राहते आणि पेन्सिल राहत नाही, त्यामागे हेच गणित आहे. म्हणजे आपले छोटे रोबो मोठ्यांपेक्षा सोपे नाहीत, उलट अवघड आहेत. 0.14 सेकंदांत जेमतेम सात पल्स जातात. तेवढ्यात पडण्याचा वेग थोडा जरी रोखला, तरी पुढचं पाऊल वेळेवर जमिनीला टेकतं आणि चाल सुरू राहते. जायरोकडून एवढंच मागायचं.

मर्यादाही आत्ताच पाहून घ्या. गुरुत्वमध्य 20 सेंटीमीटर उंच आणि घोट्यापासून चवड्याचं टोक 5 सेंटीमीटर पुढे, असा रोबो साधारण 14 अंशांहून जास्त पुढे झुकला की त्याचं वजन चवड्याच्याही पुढे जातं. तिथून परत आणणं घोट्याच्या सर्वोच्या हातात नसतं. पाऊल पुढे टाकणं हाच उपाय उरतो, आणि तो निर्णय जायरो घेऊ शकत नाही.

जायरो निवडताना

रेट मोडमध्ये चालणारा जायरो हवा. या एका अटीवर तडजोड करू नका.

हेलिकॉप्टरचे जायरो दोन पद्धतींनी काम करतात. रेट मोडमध्ये वळण चालू असेपर्यंत दुरुस्ती मिळते, वळण थांबलं की सर्वो मूळ जागी परततो. हेडिंग होल्डमध्ये जायरो झालेलं वळण साठवत जातो आणि शेपूट पूर्वीच्या दिशेला येईपर्यंत सर्वो दाबून धरतो. ऐकायला दुसरी पद्धत रोबोसाठी जास्त चांगली वाटते. प्रत्यक्षात ती घातक आहे. हेडिंग होल्डमध्ये येणाऱ्या पल्सचा अर्थच बदलतो. ‘सर्वो या जागी ने’ ऐवजी ती ‘या वेगाने वळत राहा’ अशी आज्ञा ठरते. तुमच्या कंट्रोलरने घोट्यासाठी 1600 मायक्रोसेकंदांची पल्स पाठवली की जायरो ते वळण घडण्याची वाट पाहतो, ते घडत नाही म्हणून सर्वोला आणखी पुढे ढकलतो, आणि घोटा टोकाला जाऊन अडकतो.

हातातला जायरो कोणत्या मोडमध्ये आहे हे एका मिनिटात कळतं. सर्वो टेस्टरवरून मध्यावरची पल्स द्या, बाहेरच्या (आउटपुट) बाजूला एक मोकळा सर्वो जोडा आणि जायरो हातात धरून झटकन फिरवा. हात थांबताच सर्वोचा हॉर्न (वरचा फिरणारा दांडा) मध्यावर आला, तर रेट मोड. हॉर्न बाजूलाच राहिला, तर हेडिंग होल्ड.

जीडब्ल्यूएसचा पीजी-03 हा जुना, साधा, एका पोटेन्शिओमीटरवर (फिरवायच्या छोट्या खुंटीवर) गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, ठरवणारा जायरो या कामासाठी खूप वापरला गेला. फुताबाच्या जीवाय401 सारख्या जायरोंमध्ये दोन्ही मोड असतात. गेनच्या स्वतंत्र तारेवरची पल्स मध्याच्या एका बाजूला असेल तर हेडिंग होल्ड, दुसऱ्या बाजूला असेल तर रेट. असा जायरो चालतो, पण ती तार मोकळी सोडू नका. कंट्रोलरच्या एखाद्या रिकाम्या चॅनेलवरून तिला रेटच्या बाजूची पल्स कायम द्या. फ्लायबारलेस हेलिकॉप्टरसाठीचे तीन अक्षांचे डबे मात्र टाळा, त्यांच्यात स्वॉशप्लेटसाठीची (मुख्य पंख्याची पाती कलवणाऱ्या तबकडीसाठीची) मिश्रणं आधीच भरलेली असतात. विमानासाठी मिळणारे तीन अक्षांचे स्टॅबिलायझर साध्या रेट मोडमध्ये ठेवता येत असतील तर चांगले, कारण पुढे-मागे आणि डावं-उजवं अशा दोन्ही दिशा एकाच डब्यात मिळतात. त्यातला आपोआप सरळ होण्याचा मोड बंद ठेवा.

आणखी दोन बटणं तपासा. डिजिटल सर्वोसाठीचा मोड चालू असताना काही जायरो सेकंदाला 50 ऐवजी तीनशेच्या आसपास पल्स पाठवतात. साधा अॅनालॉग सर्वो त्यामुळे तापून जळू शकतो. शेपटीच्या काही खास सर्वोंसाठी 760 मायक्रोसेकंदांवर मध्य असणारा अरुंद पल्सचा मोड असतो, तोही नको.

सर्वो सिरियल बसवर चालणारे, म्हणजे पल्सऐवजी आकड्यांत आज्ञा घेणारे, असतील तर जायरो मधे जोडताच येत नाही. त्यांच्यासाठी शेवटी दिलेली दुसरी पद्धत वापरा.

जायरो उघडण्याआधी रोबो तपासा

रोबो बंद करा, मांडी धरा आणि तळपाय हलवून पाहा. गिअर आणि हॉर्नमध्ये दोन-तीन अंशांची ढिलाई असेल तर जायरोची दुरुस्ती त्या ढिलाईतच जिरून जाते. शिवाय जायरो इकडून तिकडे ठोके देत बसतो आणि पाय थरथरतो. हॉर्नचे स्क्रू घट्ट करा, घासलेले गिअर बदला.

नंतर रोबो गुडघे किंचित वाकवून उभा करा. गुरुत्वमध्य तळपायाच्या मध्यावर येतोय का, हे बाजूने पाहा. टाचेवर किंवा चवड्यावर कलून उभ्या असलेल्या रोबोला एका बाजूला दुरुस्तीसाठी जागाच उरत नाही. सपाट जमिनीवर जायरोशिवाय दहा-बारा पावलं सलग पडत नसतील, तर आधी चालच सुधारा. बिघडलेल्या चालीवर जायरो लावला की दोष झाकला जातो आणि पुढे कुठे शोधायचं ते कळत नाही.

वीज

बरेच जुने जायरो 4.8 ते 6 व्होल्टसाठी बनवलेले असतात. रोबोवर दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी असेल तर ती पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्ट देते, आणि अनेक कंट्रोलर सर्वोच्या मधल्या तारेवर हाच दाब जसाच्या तसा सोडतात. जायरो तिथे थेट लावलात तर गेलाच. जायरोच्या तारेतली लाल तार कापून तिला 5 व्होल्टच्या वेगळ्या रेग्युलेटरवरून वीज द्या, आणि सर्वोची लाल तार थेट बॅटरीच्या बाजूला न्या. काळी किंवा तपकिरी तार, म्हणजे ग्राउंड, सगळ्यांची एकच राहिली पाहिजे.

वेगळा रेग्युलेटर आणखी एका कारणाने हवा. अनेक सर्वो एकदम जोर लावतात तेव्हा दाब क्षणभर कोसळतो. त्या क्षणी जायरो रिसेट झाला तर तो पुन्हा आपला शून्य शोधू लागतो, तोही रोबो हलत असताना.

चालू झाल्यावर जायरो पहिले काही सेकंद स्थिर राहून ‘वेग नाही’ म्हणजे काय ते ठरवतो. पण बरेच रोबो वीज मिळताच झटका देऊन उभे राहतात! तो झटका संपेपर्यंत जायरोला वीज मिळू नये, किंवा कंट्रोलरने सर्वो उशिरा चालू करावेत. मी रोबो पाठीवर झोपवून वीज देतो, जायरोचा दिवा स्थिर झाला की मगच उभं राहण्याची आज्ञा देतो. जुने पिझो जायरो तापमानानुसार शून्यापासून सरकतात, म्हणून पाच मिनिटं तापू देऊन पुन्हा चालू केलेले बरे.

कुठे आणि कसा चिकटवायचा

घट्ट शरीराचा प्रत्येक बिंदू एकाच कोनीय वेगाने फिरतो. त्यामुळे जायरो छातीत आहे की कमरेत, याने मोजमाप बदलत नाही. महत्त्व आहे ते पत्र्याच्या कडकपणाला. पातळ, लवचीक पट्टीवर बसवलेला जायरो पट्टीचा कंप मोजत बसेल. कमरेचा किंवा धडाचा जाड भाग निवडा आणि दुहेरी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीने तो लावा. पाऊल आपटल्याचा तीव्र धक्का फोम गिळतो. फोम फार जाड आणि मऊ घेतलात तर जायरो स्वतःच डुलू लागेल.

दिशा जास्त महत्त्वाची. हेलिकॉप्टरचा जायरो आडवा ठेवल्यावर उभ्या अक्षाभोवतीचं वळण मोजतो, म्हणजे त्याचा अक्ष चिकटवायच्या तळाला लंब असतो. रोबोचं पुढे-मागे झुकणं मोजायचं तर हा अक्ष डावीकडून उजवीकडे जायला हवा. मग जायरोचा तळ धडाच्या कुशीवर चिकटवा. डावं-उजवं डुलणं मोजायचं तर तळ छातीवर किंवा पाठीवर. दहा अंश तिरका बसला तर हव्या दिशेचं मोजमाप फक्त दीड टक्का कमी होतं, पण नको त्या दिशेचं 17 टक्के वळण आत शिरतं. प्रत्येक पावलाला धड थोडं डावी-उजवीकडे वळतं, ते सगळं घोट्याला झटके देईल. म्हणून काटकोन्याने पाहून लावा.

जोडणी: आधी फक्त पुढे-मागे

दोन्ही घोट्यांना पुढे-मागे हलवणारा एकेक सर्वो असतो. कंट्रोलरमधून निघणारी त्या सर्वोची तार काढून जायरोच्या आतल्या (इनपुट) टोकाला लावा, जायरोच्या बाहेरच्या (आउटपुट) टोकाला सर्वो. दुसऱ्या पायासाठी दुसरा जायरो. एकच जायरो वाय केबलने दोन्ही घोट्यांना लावण्याचा मोह होतो. चालताना दोन घोट्यांना वेगवेगळ्या आज्ञा जात असतात, त्यामुळे ते शक्य नाही.

पुढे-मागे का आधी, आणि डावं-उजवं का नाही? सपाट चालीत धड पुढे-मागे जवळजवळ स्थिर राहायला हवं. तिथे दिसणारा बहुतेक वेग ही चूकच असते, आणि जायरोने तिला विरोध केलेला आपल्याला हवाच असतो. डावीकडून उजवीकडे डुलणं मात्र चालीचाच भाग आहे. एक पाय उचलायचा तर वजन दुसऱ्यावर न्यावंच लागतं. जायरो त्या मुद्दाम केलेल्या झुकण्यालाही विरोध करतो आणि तुम्ही जमवलेली चाल आखडते. त्या बाजूचे जायरो लावायचे तर नंतर लावा, गेन निम्मा ठेवा आणि वजन टाकण्याची हालचाल थोडी वाढवा.

जायरो मधे आल्यावर सर्वोचा मध्य काही मायक्रोसेकंदांनी सरकू शकतो. गेन शून्यावर ठेवून रोबो उभा करा आणि घोट्यांचं ट्रिम, म्हणजे मध्याची बारीक दुरुस्ती, पुन्हा जुळवा.

दिशेची परीक्षा

सगळ्यात जास्त रोबो इथेच पडतात, म्हणून सावकाश वाचा.

गेन मध्यम ठेवा. रोबो दोन्ही हातांनी धडाला धरून हवेत उचला, पाय लोंबकळू द्या. आता धड झटकन पुढे झुकवा. तळपायांनी काय करायला हवं? बहुतेकांचं उत्तर असतं, तळपाय जमिनीला समांतर राहायला हवेत. डोळ्यांना तेच बरोबर दिसतं. ते उलटं आहे.

रोबो जमिनीवर उभा असतो तेव्हा तळपाय फिरू शकत नाही, तो जमिनीला टेकलेला असतो. घोटा फिरला की वरचं धड फिरतं. धड पुढे पडत असेल तर त्याला मागे ढकलण्यासाठी चवड्याने जमीन दाबायला हवी. म्हणजे हवेत धरून धड पुढे झुकवल्यावर चवडे खाली, आणखी खाली गेले पाहिजेत. मागे झुकवल्यावर टाचा खाली. उजवीकडे झुकवल्यावर, डाव्या-उजव्या दिशेचे जायरो असतील तर, दोन्ही तळपायांची उजवी कड खाली. ज्या बाजूला पडतोय त्या बाजूची जमीन दाबायची, हा नियम सगळ्या दिशांना लागू पडतो.

डाव्या आणि उजव्या पायाचे सर्वो बहुधा एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे बसवलेले असतात. त्यामुळे सारख्या हालचालीसाठी एकाची पल्स वाढते आणि दुसऱ्याची कमी होते. एका जायरोचं दिशेचं बटण सरळ आणि दुसऱ्याचं उलटं ठेवावं लागलं तर त्यात काही बिघडलेलं नाही. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे तपासा. डाव्या-उजव्या दिशेच्या सर्वोंची मांडणी रोबोगणिक बदलते, तिथे अंदाज बांधू नका.

हवेतली परीक्षा झाल्यावर रोबो जमिनीवर ठेवा आणि बोटाने छाती हळूच ढकला. दिशा बरोबर असेल तर घोटा दाटल्यासारखा लागतो. उलटी असेल तर रोबो तुमच्या बोटाच्याही पुढे पळतो.

गेन

गेन शून्य ठेवून सुरू करा. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, कारण जास्त दाबावर सर्वो जास्त चपळ आणि जोरदार असतात आणि थरथर तिथेच आधी दिसते. रोबोच्या खांद्यांना वरून एक सैल दोरी बांधा, पडला तर दोरीत लटकेल.

रोबो उभा करा. खांद्याला बोटाने टिचकी मारा, डुलणं पाहा. गेन थोडा वाढवा, पुन्हा टिचकी मारा. हळूहळू डुलणं लवकर शमू लागेल. एका टप्प्यावर टिचकीनंतर एकच झोका येईल आणि रोबो थांबेल. आणखी वाढवा. आता घोट्यातून बारीक घरघर ऐकू येईल आणि टिचकी न मारताही पाय थरथरू लागतील. ती थरथर जिथे सुरू झाली त्या गेनच्या साधारण दोन तृतीयांशावर परत या. हवेत उचलून ही परीक्षा करू नका. तिथे घोटा फक्त हलका तळपाय हलवतो, धड नव्हे, आणि थरथर येतच नाही.

थरथर येते ती उशिरामुळे. पल्सची वाट पाहण्यात 20 मिलिसेकंदांपर्यंत जातात, मग सर्वोला हलायला वेळ लागतो. 60 अंशांना 0.15 सेकंद घेणारा सर्वो मोकळा असताना सेकंदाला 400 अंश फिरतो, म्हणजे 5 अंशांना 12 ते 13 मिलिसेकंद. वजनाखाली यापेक्षा जास्त. दुरुस्ती पोहोचेपर्यंत झोका उलटला असेल तर ती त्याला रोखण्याऐवजी रेटा देते. शेपटीचे सर्वो यापेक्षा बरेच चपळ असतात, म्हणून हेलिकॉप्टरवर चालणारा गेन रोबोला झेपत नाही. घोट्याला वेगवान सर्वो लावले की जास्त गेन वापरता येतो. रोबोवर खर्च करायचाच असेल तर तो आधी इथे करा, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून एक उदाहरण घेऊ. 1000 मायक्रोसेकंदांत 90 अंश फिरणाऱ्या सर्वोला एका अंशासाठी सुमारे 11 मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला 60 अंश वेगाने झुकताना जायरोने पल्स 50 मायक्रोसेकंदांनी बदलली, तर घोटा साडेचार अंश हलेल. सुरुवात याच्याही खालून करा.

उभं राहणं जमलं की चालवून पाहा. फरशीवर, गालिच्यावर, किंचित उतारावर. ज्या पृष्ठभागावर थरथर आधी येते त्याच्या हिशेबाने अंतिम गेन ठरवा.

चालताना उचललेला पाय

एक अडचण चालायला लागल्यावरच दिसते. दुरुस्ती दोन्ही घोट्यांना मिळते, पण जमिनीवर एकच पाय असतो. रोबो पुढे झुकला की हवेतल्या पायाचाही चवडा खाली जातो, जमिनीला अडखळतो आणि जायरोनेच रोबो पाडला असं होतं. सोपा उपाय म्हणजे पाऊल थोडं जास्त उंच उचलणं. चांगला उपाय म्हणजे गेनची तार कंट्रोलरकडून चालवणं. पाय उचलताना त्या पायाच्या जायरोचा गेन शून्याजवळ आणा, टेकताना पुन्हा चढवा. शून्य ओलांडून हेडिंग होल्डच्या बाजूला पल्स जाणार नाही याची काळजी घ्या.

दुसरी पद्धत: जायरोला फक्त सेन्सर म्हणून वापरणे

थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर मला ही पद्धत जास्त आवडते. सर्वो कंट्रोलरलाच जोडलेले राहतात. मायक्रोकंट्रोलर जायरोला कायम 1500 मायक्रोसेकंदांची पल्स देतो आणि जायरोच्या बाहेरच्या टोकावरची पल्स परत वाचतो. रोबो स्थिर असेल तर बाहेरही जवळपास तेवढीच पल्स येते. फरक पडला की तो फरक म्हणजेच कोनीय वेग. एका दिशेला एकच जायरो पुरतो आणि दुरुस्ती हव्या तितक्या सर्वोंना वाटता येते.

चालू झाल्यावर पहिले दोन सेकंद बाहेरच्या पल्सची सरासरी घ्या, तो तुमचा शून्य. पुढे प्रत्येक पल्समधून हा शून्य वजा करा. दोन-तीन मायक्रोसेकंदांचा फरक सोडून द्या, तो नुसता गोंगाट असतो. उरलेल्याला गुणांकाने गुणा, आणि उत्तर 60 मायक्रोसेकंदांच्या पुढे जाऊ देऊ नका. ही संख्या टेकलेल्या पायाच्या घोट्याच्या आज्ञेत मिसळा, खुब्याच्या सर्वोला हवा तर तिचा थोडा भाग द्या, उचललेल्या पायाला शून्य. पाय टेकल्यावर गुणांक एकदम न लावता दोन-तीन पल्समध्ये चढवा, नाहीतर प्रत्येक पावलाला झटका बसेल.

पल्स वाचताना थांबून राहणारं फंक्शन वापरू नका, बाकी सर्वोंचं वेळापत्रक बिघडतं. इंटरप्ट वापरा. 16 मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या अर्डुइनोवर मायक्रोसेकंद मोजणारं तयार फंक्शन 4 मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने मोजतं. टायमर 1 ला 8 चा प्रीस्केलर लावला तर अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत जाता येतं, आणि फरक जाणवतो. कंट्रोलर 3.3 व्होल्टचा असेल तर जायरोकडून येणारा 5 व्होल्टचा सिग्नल 10 आणि 20 किलोओहमच्या दोन रोधकांनी विभागून 20 किलोओहमच्या दोन टोकांवरून घ्या.

या पद्धतीचा खरा लाभ पुढे आहे. रोबो सपाट जमिनीवर उत्तम चालत असताना पावलाच्या प्रत्येक टप्प्यावर जायरो किती वेग दाखवतो ते नोंदवा आणि बऱ्याच पावलांची सरासरी साठवा. नंतर चालताना त्या त्या टप्प्याची सरासरी मोजमापातून वजा करा. मुद्दाम केलेलं डुलणं आपोआप गळून पडतं, उरते ती फक्त चूक. डाव्या-उजव्या दिशेचा गेन यानंतरच मोकळेपणाने वाढवता येतो.

याच्या पुढे

रोबोने झुकलेल्या स्थितीतून सरळ व्हावं, उतारावर उभं राहावं अशी अपेक्षा असेल तर कोन कळायला हवा, आणि त्यासाठी गुरुत्वाची दिशा सांगणारा अॅक्सेलरोमीटर लागतो. जायरोचा वेग बेरजेत धरून काढलेला कोन हळूहळू सरकत जातो. अॅक्सेलरोमीटरचा कोन सरकत नाही, पण प्रत्येक पावलाच्या धक्क्याने उडतो. दोन्ही मिसळून, साधारण 98 टक्के पहिला आणि 2 टक्के दुसरा, वापरण्याजोगा कोन मिळतो. एमपीयू-6050 सारख्या एकाच चिपमध्ये तीन अक्षांचा जायरो आणि तीन अक्षांचा अॅक्सेलरोमीटर दोन्ही असतात. वर सांगितलेली दुसरी पद्धत लिहून झाली असेल तर पल्स वाचण्याचा भाग काढून तिथे या चिपचं वाचन बसवा. जायरोची मापनमर्यादा सेकंदाला 500 अंशांवर ठेवा, म्हणजे सेकंदाला एक अंश वेगासाठी 65.5 एकक मिळतील. दिशेची परीक्षा, उचललेल्या पायाचा शून्य गुणांक आणि थरथर येईपर्यंत गेन वाढवून मागे येणं, हे सगळं जसंच्या तसं पुन्हा करावं लागेल. कोनाचा गुणांक शून्यावर ठेवून आधी वेगाचा गुणांक जुळवा, आणि रोबो टिचकीनंतर एका झोक्यात थांबू लागल्यावरच कोनाचा गुणांक थोडा थोडा चढवा.